कारळ्याच्या चटणीतली साखर

“सर्व्हर बिघडला कुठे?” बाईंनी विचारलं.

“निकुंभच्या कोडमध्ये,” श्रीरंग म्हणाला. “चारशे बाराव्या ओळीवर. दर वेळी तिथेच.”

“तिथे तो कोसळला. बिघडला कुठे, ते विचारतेय मी.”

“एकच की, बाई.”

बाईंनी खलबत्त्यात भाजलेले कारळे आणखी मूठभर टाकले. “बरं,” म्हणाल्या, आणि कुटायला लागल्या.

रविवार होता, दुपारचे अडीच. श्रीरंग हिंगमिरे आणि मी पुण्याहून गाडी काढून कऱ्हाडला आलो होतो, तारळेकर बाईंकडे. आमची कंपनी जी ऑपरेटिंग सिस्टीम विकते, तिच्यात एका यंत्रावरच्या फाइली शंभर जणांना आपापल्या जागेवरून उघडता येतात. तो भाग बावीस वर्षांपूर्वी बाईंनी लिहिला. सिस्टीमच्या पोटात हात घालणारा कंपनीतला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या हाताखाली शिकलेला. सात वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि गावी येऊन राहिल्या.

श्रीरंग त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. असं सगळे म्हणतात. श्रीरंग सगळ्यांपेक्षा थोडं जास्त म्हणतो.

तीन आठवडे एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे सर्व्हर दिवसातून एकदोनदा कोसळत होता. चाळीस माणसांचं सकाळचं काम एका झटक्यात जायचं. कोसळायला सुरुवात झाली ती कावेरी निकुंभचा नवा कोड आत गेला त्याच आठवड्यात. तिचा कोड काढला की सर्व्हर ठणठणीत. परत घातला की आडवा.

कावेरी प्रोबेशनवर होती, तिचा पाचवा महिना चालू होता. श्रीरंगने अहवाल लिहिला: ‘कारण : का. निकुंभ यांची निष्काळजी बफर हाताळणी.’ सोमवारी दहाला मीटिंग, आणि मीटिंगनंतर कावेरीला घरी जायला सांगणार, हे ठरलेलं होतं. अहवालावर दोन सह्या होत्या. एक श्रीरंगची, दुसरी माझी.

साहेब म्हणाले, एकदा तारळेकर बाईंना दाखवून या. कपाट त्यांचं आहे.

‘बाईंचं कपाट’ हा आमच्याकडे रोजचा शब्द. बफर म्हणजे मेमरीतला रिकामा डबा, असं बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलेलं. फाइलीचा तुकडा पाठवायचा तर कपाटातून एक डबा घ्यायचा. आत माल भरायचा, किती भरला तो आकडा डब्याच्या तोंडाशी लिहायचा. पाठवून झालं की डबा परत कपाटात. मग तो दुसऱ्या कोणाचा तरी. हजारो डबे सेकंदाला असे आतबाहेर होत असतात.

“ती मुलगी काय म्हणते?” बाईंनी विचारलं.

“कोण, निकुंभ? ती म्हणते, मी आकडा बरोबर लिहिते. पण लगेच वाचायला जाते तर तिथे भलताच आकडा असतो. तेवढा माल डब्यात आहे असं समजून वाचत सुटलं की डब्याच्या पलीकडे जातो, आणि सगळंच बसतं.”

“मग?”

“सगळे असंच म्हणतात, बाई. मी बरोबर लिहिलं होतं.”

“तूही म्हणायचास.”

श्रीरंग हसला. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत.

“तिला का नाही आणलंत?”

…

मी खिडकीबाहेर पेरूचं झाड बघत राहिलो.

“तिची वही आणलीय ना,” श्रीरंग म्हणाला. “पुरावा म्हणून मागून घेतली.”

लांबट, तपकिरी पुठ्ठ्याची वही होती. आत पट्टीने आखलेले रकाने. तारीख, सेकंदापर्यंत वेळ, त्या क्षणी किती लोक जोडलेले होते, डब्याच्या तोंडाशी कोणता आकडा सापडला. शेवटचा रकाना ‘कारण’. अक्षर बारीक आणि सरळ, एकही खाडाखोड नाही.

“हे बघा,” श्रीरंगने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “एकतीस वेळा कोसळला. एकतीस जागा रिकाम्या. एकदाही कारण लिहिता आलं नाही तिला.”

“माहीत नव्हतं म्हणून लिहिलं नाही,” बाई म्हणाल्या, आणि पान उलटलं.

तेवढ्यात मागच्या दाराने शेजारच्या शालनताई आल्या. हातात स्टीलचा डबा, त्यावर ‘कु. र. तारळेकर’ असं कोरलेलं.

“काकू, डबा ठिवते हितं वट्यावर. लाडू झ्याक झालं हुतं. थांबत न्हाय, गिरनीत दळन टाकलंय.”

“ये गं,” बाई म्हणाल्या.

शालनताई आल्या तशा गेल्या. बाईंनी डबा पुसला, खलबत्त्यातली चटणी त्यात काढली, झाकण लावलं आणि ओट्यावर होता तिथेच ठेवला. हात न धुताच परत येऊन बसल्या.

“एकाच दिवशी दोनदा कोसळला, असा दिवस काढ,” त्या श्रीरंगला म्हणाल्या.

“बरेच आहेत.”

“कुठलाही.”

“अठरा मार्च. दहा वाजून बारा मिनिटं, पाच सेकंद. मग दहा सत्तेचाळीस, पंचवीस सेकंद.”

“डब्याच्या तोंडाशी काय सापडलं?”

श्रीरंगला ते वाचायचा कंटाळा आला होता, हे त्याच्या आवाजात कळत होतं. “पहिल्या वेळी एकशे एकाहत्तर कोटी, सात लाख, छत्तीस हजार नऊशे पंचवीस. दुसऱ्या वेळी एकशे एकाहत्तर कोटी, सात लाख, एकोणचाळीस हजार पंचेचाळीस. बाई, हा कचरा आहे. डब्यात मावतं चार हजार शहाण्णव. ह्या आकड्यांना अर्थ नाही.”

“तिला तो कचरा का उतरवून ठेवावासा वाटला?”

“सवय असेल.”

“चांगली आहे. यशोधन, वजाबाकी कर.”

यशोधन म्हणजे मी. वर्गात वजाबाकी मलाच सांगायच्या, कारण माझी चुकायची. मी पेन्सिल काढली.

“दोन हजार एकशे वीस,” मी म्हणालो.

“आता दोन्ही वेळांची कर.”

“पस्तीस मिनिटं, वीस सेकंद.”

“सेकंदांत सांग.”

पस्तीस साठे एकवीसशे, अधिक वीस. मी कागदाकडे बघितलं. पुन्हा एकदा केली, कारण माझी चुकते.

“दोन हजार एकशे वीस,” मी म्हणालो.

…

पंखा गरगरत होता. श्रीरंगने वही माझ्या हातातून ओढून घेतली. आणखी एक दिवस काढला, पुटपुटत वजाबाकी केली. मग तिसरा दिवस. प्रत्येक वेळी तेच. आकड्यांमधलं अंतर आणि घड्याळातलं अंतर, दोन्ही जुळत होतं. आम्हा दोघांनाही माहीत होतं, यंत्र एका ठरलेल्या दिवसापासूनचे सेकंद मोजत असतं, आणि ती मोजणी सध्या एकशे एकाहत्तर कोटींच्या घरात आहे. तीन आठवडे ते आकडे आमच्यासमोर होते आणि आम्ही त्यांना कचरा म्हणत होतो.

“ही वेळ आहे,” श्रीरंग हळू म्हणाला. “तिच्या आकड्यावर कोणीतरी वेळ लिहितंय.”

“कोण?”

“निकुंभच्या कोडमध्ये घड्याळ नाहीच, बाई.”

“नीट बघितलंस?”

“शब्दन् शब्द वाचलाय. तीनदा.”

“तिचा.”

“हो. तिचाच.”

बाई नखात अडकलेले कारळे काढत बसल्या.

मागचं दार पुन्हा वाजलं. शालनताई धापा टाकत आत आल्या, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

“आवं काकू, काय येड्यावानी केलं बगा मी! डबा रिकामाच ठिवला की! गिरनीत उबी ऱ्हायले आन् ध्यानात आलं. रिकामं भांडं कुनी परत देतं व्हय?”

“असू दे गं, शालन, थांब…”

थांबतात कुठल्या. ओट्यापाशी जाऊन त्यांनी डब्याचं झाकण उचकटलं, मूठभर साखर आत सोडली, झाकण दाबून बसवलं आणि वर दोनदा डबा हलवलासुद्धा. आत बघितलं नाही. बघायचं काय, डबा ओळखीचा होता. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच आणून ठेवलेला.

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“हसता काय वं?”

“उघडून बघ.”

शालनताईंनी उघडला. काळ्या चटणीत पांढरी साखर, चांगली कालवलेली.

“अगं बया! चटनी भरली तुमी ह्यात?”

“तू देऊन गेलीस ना. मग भरली.”

“आन् मी डबा त्योच हाय म्हनून…” शालनताईंनी कपाळावर हात मारला. “माजंच चुकलं, काकू. आदी घालायची, मंग द्यायचा. एवडं साधं कळू ने मला? उद्या कारळं आनते, कुटून देते तुमास्नी.”

“दे. मीठ बेताचं घाल.”

“व्हय व्हय,” म्हणत शालनताई दळण आणायला गेल्या. चूक दिसल्यापासून कबूल करेपर्यंत त्यांना श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल. मला ते तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं.

बाईंनी डबा आणून श्रीरंगसमोर ठेवला.

“चव बघ.”

श्रीरंगने चिमूटभर जिभेवर टाकली. गुरूने दिलंय म्हणून गिळली.

“कशी झालीय?”

“…गोड लागतेय.”

“चटणी कोणी केली?”

“तुम्ही.”

“डबा कोणाचा? नाव वाच.”

“तुमचा.”

“मग बिघडवली मीच. लिही अहवालात.”

“असं कसं, बाई? तुम्ही बरोबरच केली होती. त्या डबा देऊन गेल्या होत्या, आणि दिल्यानंतर परत त्यात…”

श्रीरंग थांबला.

…

चिमटीला लागलेली चटणी त्याने पुसलीही नाही. तसाच लॅपटॉप पुढे ओढला.

त्याने कावेरीची फाइल उघडली नाही. त्याने कपाटाची फाइल उघडली. मी मान वाकडी करून बघत होतो. कोड मूळचा बाईंचा, पण त्या गेल्यावर त्यात एक भर पडलेली होती. कपाटात डबा परत ठेवायची जागा. तिथे दोन ओळी होत्या. पहिली ओळ : डबा कपाटात ठेव. दुसरी ओळ : डब्याच्या तोंडाशी परतीची वेळ लिही. शेजारी शेरा होता, ‘श्री. हिं.’ आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख.

ती ओळ मला पाठ होती, कंपनीत सगळ्यांनाच पाठ होती. कुठला डबा किती वेळ बाहेर राहतो ते श्रीरंगने त्या ओळीने मोजलं, त्यावरून सर्व्हर दीडपट पळायला लागला, आणि त्याला वर्षाचं बक्षीस मिळालं. फोटो अजून रिसेप्शनमध्ये लावलेला आहे. नवीन येणाऱ्यांना तो आवर्जून दाखवतात. कावेरीलाही दाखवला होता, मीच.

डबा आधी कपाटात जात होता आणि वेळ नंतर लिहिली जात होती. दोन ओळींमधली फट इतकी बारीक की सहा वर्षं तेवढ्यात कोणी डबा उचलला नाही. कावेरीचा कोड चपळ निघाला. डबा कपाटात पडायचा अवकाश, तो उचलायचा, बरोबर आकडा लिहायचा. आणि मागून श्रीरंगचा हात येऊन त्यावर वेळ लिहून जायचा.

“सहा वर्षं,” श्रीरंग म्हणाला.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

मला लाज वाटली, ती इथे सांगून टाकतो. कावेरीचा कोड मी दोनदा वाचला होता. ही फाइल एकदाही उघडली नव्हती, कारण ती श्रीरंगची होती. ती मुलगी तीन आठवडे सांगत होती की मी बरोबर लिहिते, आणि मी तिच्यासमोर बसून मान हलवत होतो.

श्रीरंगने दोन ओळींची अदलाबदल केली. वेळ आधी, कपाट नंतर. दहा सेकंदांचं काम. मग इथूनच ऑफिसमधल्या टेस्ट मशीनला जोडून घेतलं, कावेरीचा कोड परत घातला आणि गिऱ्हाइकाकडे असतो त्याच्या दुप्पट भार सोडला. एवढ्या भाराला आधी तो वीस मिनिटंही टिकत नव्हता.

बाईंनी चहा केला. आम्ही चहा घेतला. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. एक तास झाला. बाईंनी पेरू कापून आणले. सर्व्हर उभा होता.

“उभा आहे,” मी म्हणालो. श्रीरंगने मान डोलावली, पण आनंद झाल्यासारखा तो दिसत नव्हता.

पाचच्या सुमारास त्याने जुना अहवाल उघडला, कारणाची ओळ खोडली आणि नवीन टाइप केली. बाईंना वाचून दाखवली.

“‘कारण : जुन्या रचनेत एक दोष आढळला, तो दूर करण्यात आला आहे.’ चालेल ना, बाई?”

“आधीच्या ओळीत नाव होतं ना?”

“होतं.”

“मग आता कुठे गेलं?”

श्रीरंगने लॅपटॉप थोडा मागे सरकवला.

“बाई, उद्या दहाला सगळे असणार. साहेब, गिऱ्हाइकाची माणसं, पोरं. त्या ओळीचं बक्षीस मिळालंय मला. फोटो आहे तिथे.” त्याला तसं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “तिची नोकरी तर वाचली ना? तेवढं पुरे नाही का?”

बाई खलबत्ता धूत होत्या. पाण्याचा आवाज येत राहिला.

“बरं, मी सांगेन तिला,” श्रीरंग म्हणाला. “नाही असं नाही. सकाळी गेल्या गेल्या तिची वही तिला परत देतो. मीटिंग होऊन जाऊ दे. सगळं थंडावलं, की एक दिवस निवांत बसवून समजावून सांगतो. म्हणजे तिलाही अवघडल्यासारखं होणार नाही.”

दुसरी सही माझी होती, आणि मलाही तो मार्ग सोयीचा वाटत होता.

बाईंनी नळ बंद केला. पदराला हात पुसत आल्या. टेबलावरची कावेरीची वही उचलली. पुठ्ठ्यावर चटणीचा एक ठिपका पडला होता, तो ओल्या बोटाने पुसून काढला. मग पहिलं पान उघडून वही श्रीरंगसमोर ठेवली. तारीख, वेळ, आकडा, आणि शेवटी ‘कारण’चा रिकामा रकाना.

त्याने माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं. बाईंनी माझ्या खिशाला लावलेलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“आधी घाल,” बाई म्हणाल्या. “मग दे.”